लोंढे सिस्टरांचा क्लेम

"पद्मा, कॅशलेसचा फॉर्म घेऊन वर ये. लवकर. लोंढे सिस्टर पडल्या."

सकाळचे आठ वाजून गेले होते. मी नुकतीच येऊन कॉम्प्युटर चालू करत होते. फोन आयसीयूतून होता.

"पडल्या म्हणजे? घसरल्या?"

"नाही गं. चार्ज देता देता छातीला हात लावला आणि खालीच बसल्या. चार नंबरवर घेतलंय त्यांना."

मनोरमा लोंढे आमच्या आयसीयूच्या इनचार्ज सिस्टर. चोपन्न वर्षांच्या. सोलापुरातलं आमचं हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी ज्या पाच नर्सेस कामाला लागल्या, त्यांतल्या उरलेल्या त्या एकट्याच. नवरा शामुवेल वारलेला, एकच मुलगी, सुवार्ता, बार्शीला शाळेत शिक्षिका. नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला लोंढे सिस्टरांचा पहिला महिना धाक वाटायचा आणि दुसऱ्या महिन्यापासून ती डबा त्यांच्या शेजारी बसून खायची. मीही तशीच खात होते.

माझं काम खाली, विमा कक्षात. पेशंटचा फॉर्म भरायचा, विमा कंपनीला पाठवायचा, मंजुरी आली की नातेवाइकांना सांगायचं. नाही आली तर तेही मलाच सांगावं लागायचं. "पॉलिसी बंद दाखवतेय" हे वाक्य मी तीन वर्षांत इतक्यांदा बोलले होते, की त्याचा एक ठरावीक आवाज माझ्या गळ्यात तयार झाला होता. फार थंड नाही, फार हळवा नाही.

वर गेले तेव्हा सिस्टर बेडवर अर्धवट बसलेल्या होत्या. अंगावर अजून युनिफॉर्मच होता. चेहरा राखेसारखा झाला होता, पण तोंड चालू होतं.

"डाव्या हाताला लाव सलाइन," त्या शिकाऊ मुलीला सांगत होत्या. "उजव्या हाताने मला पद्माच्या कागदावर सही करायचीय. आण गं इकडे."

सही करून झाल्यावर म्हणाल्या, "एवढी वर्षं पगारातून कापून घेतायत बघ. आज पहिल्यांदा वसूल करते."

आम्ही दोघी हसलो.

दहा वाजता अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी ब्लॉक. बायपास लागणार होती, आणि फार थांबून चालणार नव्हतं. पुण्याचे सर्जन दर गुरुवारी आमच्याकडे यायचे. त्या दिवशी मंगळवार होता. खर्चाचा अंदाज अडीच लाख. मी रिपोर्ट जोडले आणि क्लेम पाठवून दिला. माझ्या नोकरीतला सगळ्यात सोपा क्लेम. पेशंट आमची, हॉस्पिटल आमचं, पॉलिसीही आमच्याच हॉस्पिटलने कर्मचाऱ्यांसाठी काढलेली. सुवार्ताला फोन करून मी सांगूनही टाकलं, "पैशाची काळजी करू नकोस, तू फक्त ये."

वीस मिनिटांत उत्तर आलं. सदस्य विमाधारक नाही.

मला वाटलं, आकडा चुकला. पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. मग मी विमा कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात झुबेरला फोन लावला. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण रोज चार वेळा बोलणं व्हायचं.

"अरे, आमच्या स्टाफचा क्लेम आहे. नाकारलाय का?"

"एक मिनिट हां मॅडम." कळफलकाचा आवाज आला. "मॅडम, ही तुमच्या हॉस्पिटलची ग्रुप पॉलिसी ना? ती एप्रिलमध्ये संपली. रिन्यूच नाही केली तुम्ही."

"काहीतरी चुकतंय तुझं. डिसेंबर चाललाय."

"आठ महिने झाले मॅडम. तीन पत्रं पाठवलीत आम्ही. तुम्हाला माहीत नाही?"

"माझा नंबर घाल," मी म्हणाले. "पद्मा म्याकल. कर्मचारी क्रमांक एकशे सात."

"तुम्हीपण नाही मॅडम." त्याने यादी खालपर्यंत पाहिली. "कुणीच नाही. एकशे एकवीस नावं होती. सगळी बंद."

माझ्या पर्समध्ये नोव्हेंबरची पगाराची स्लिप होती. मी ती काढली. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर आणि त्याच्या खाली, दर महिन्यासारखंच, 'ग्रुप मेडिक्लेम, चारशे पंचवीस'. मी ती ओळ बोट ठेवून वाचली. लहान मूल वाचतं तशी. फोनवर झुबेर "हॅलो, हॅलो मॅडम" करत होता.

मी सरळ हिशेब विभागात गेले. हंचाटे सर तिथले प्रमुख. पन्नाशीचे, अबोल, कपाळाला रोज विभूती लावणारे. मी स्लिप त्यांच्यासमोर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. ते आश्चर्यचकित होतील, फोन उचलून कुणावर तरी ओरडतील, असं मला खरोखर वाटलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"कुणाला बोललीस?"

"कुणाला नाही. पण सर, पैसे तर कापले जातायत..."

"बस इथेच. साहेबांना बोलावतो."

त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला भागिरथी मावशी आठवली. आमच्या जनरल वॉर्डातली झाडूवाली. दिवाळीच्या आधी तिचं अपेंडिक्स काढलं, आमच्याकडेच. तिचा क्लेम मी पाठवणारच होते, तेवढ्यात हंचाटे सर येऊन फाइल घेऊन गेले होते. "कंपनीचं काहीतरी अडलंय. साहेब स्वतःच बिल माफ करणार आहेत म्हणाले." दिवाळीच्या फराळाच्या दिवशी मावशीने सगळ्यांसमोर साहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यात जोरात बहुतेक लोंढे सिस्टरांनी.

म्हणजे ते बिल माफ झालंच नव्हतं. तिचा हक्काचा विमा बुडवून तिला भीक घातली होती, आणि वर पाया पडून घेतलं होतं.

डॉक्टर मळगे आत आले. हॉस्पिटल त्यांचं. हे लिहिताना मला आजही जड जातं, कारण हा माणूस वाईट म्हणून कुणाला माहीत नव्हता, मला तर नाहीच. वडिलांचा लूम बंद पडला तेव्हा त्यांनी मला ही नोकरी दिली होती. माझ्या आईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा भूलतज्ज्ञाची फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली होती.

ते टेबलाच्या कडेला टेकले. "पद्मा, अँजिओग्राफीच्या मशीनचे हप्ते अंगावर आले. दोन महिने, फार तर तीन, असं ठरवलं होतं. भरणारच होतो. मार्चपर्यंत सगळं सरळ होईल."

"सर, पण लोंढे सिस्टरांचं गुरुवारी..."

"तेच बोलतोय. ऑपरेशन होईल. निम्मं बिल मी सोडतो, निम्मं त्यांनी हप्त्याने द्यावं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता तू वर जाऊन त्यांना एवढंच सांग, की कंपनीने क्लेम नाकारला. त्यांना शुगर आहे. जुना आजार फॉर्मवर लिहिला नव्हता, म्हणून नाकारला. असं रोज होतं, तुला माहितीय."

"पण तसं झालं नाही ना, सर."

"तीन ब्लॉक आहेत त्या बाईला," ते शांतपणे म्हणाले. "मी जे दाबून बसलोय ते तिला आज कळलं, तर तिच्या हृदयाचं काय होईल? धक्का सोसेल ती? पैशाचं मी बघतो. तिच्या जिवाचं काही झालं, तर ते कुणावर येईल?"

हंचाटे सर खाली बघत होते.

मी गेले. जिने चढताना स्वतःला सांगत होते, की डॉक्टर सांगतायत, त्यांना हृदयातलं कळतं, मला काय कळतं. पण खरं सांगायचं तर मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती. आणि आईच्या ऑपरेशनची लाज.

सुवार्ता तोवर बार्शीहून आली होती. आईचा हात धरून बसली होती. मी माझा तो तयार आवाज काढला.

"सिस्टर, कंपनीने क्लेम नाकारला. शुगरचं फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं म्हणतायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता भडकतील. विमा कंपनीला शिव्या देतील. ते सोसायची माझी तयारी होती.

"नव्हतं लिहिलं?" त्या हळूच म्हणाल्या.

"नाही म्हणतायत."

"सहा वर्षं झाली गं त्याला. सगळ्या मावश्यांचे फॉर्म मीच भरले होते चहाच्या सुट्टीत बसून. माझा घाईत शेवटी भरला." त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. कपाळावर घाम आला. "लिहिलं होतं असं वाटतंय. पण तू म्हणतेस तर नसेल लिहिलं."

"आई!" सुवार्ता उभी राहिली. "नर्स ना तू? लोकांना दिवसभर सांगतेस, आजार लपवू नका म्हणून. आणि स्वतःचा..."

"चुकलं माझं."

"अडीच लाख कुठून आणू मी आता?"

"चुकलं म्हणते ना." मग त्या माझ्याकडे वळल्या. हे मी विसरू शकलेले नाही. "पद्मा, तुला उगाच ताप झाला माझ्यामुळे. साहेबांना सांग, रागावू नका म्हणावं. इतकी वर्षं त्यांचं मीठ खाऊन असला कागद भरला मी."

सुवार्ता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. सिस्टरांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मी खाली आले.

साडेबारा वाजले होते. काउंटरवर तीन पेशंटचे लोक थांबले होते, त्यांचं काम केलं. एक फॉर्म उलटा स्कॅन केला, पुन्हा केला. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. माझ्या खुर्चीमागे एक पत्र्याचं कपाट होतं. त्यात कर्मचाऱ्यांचे मूळ फॉर्म होते, सहा वर्षांपूर्वीचे. सकाळपासून ते कपाट माझ्या पाठीला टेकून होतं आणि मी मागे वळले नव्हते.

आता उठले. फाइल काढली. 'ल'पर्यंत गेले.

लोंढे मनोरमा शामुवेल. ते टपोरं, सरळ अक्षर मी औषधांच्या हजार चार्टवर पाहिलं होतं. आधीपासूनचे आजार, या प्रश्नापुढे लिहिलं होतं: मधुमेह, होय, दोन वर्षांपासून, गोळ्या चालू. खाली सही. सहीपुढे तारीखसुद्धा.

बाईने काहीच लपवलं नव्हतं. घाईतल्या शेवटच्या फॉर्मवरसुद्धा नाही. आणि माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून तिने स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास सोडून दिला होता.

फॉर्म घेऊन मी जिना चढले. या वेळी स्वतःला काही सांगितलं नाही.

"सिस्टर," मी म्हणाले, "मी खोटं बोलले."

कागद त्यांच्या हातात दिला. सुवार्ताला पगाराची स्लिप दिली. जे झालं होतं ते सगळं सांगितलं. पॉलिसी, एप्रिल, एकशे एकवीस नावं, साहेब काय म्हणाले, मी का ऐकलं. मॉनिटरवरचा आकडा चढायला लागला. ब्याण्णव, एकशे चार, एकशे अठरा. ड्युटीवरची नर्स धावत आली. "पद्मा, बाहेर हो! काय चालवलंयस?"

"थांब," लोंढे सिस्टर म्हणाल्या. "तिला राहू दे. मला जिभेखाली गोळी दे."

गोळी विरघळली तसा आकडा हळूहळू उतरला. सुवार्ताने फॉर्म वाचला आणि आईच्या पायाशी बसून रडायला लागली.

"भागिरथीचंपण?" सिस्टरांनी विचारलं.

"हो."

"आपण टाळ्या वाजवल्या." त्या छताकडे बघत राहिल्या. मग घड्याळाकडे बघितलं. "दोनला ड्युटी बदलते. खालच्या-वरच्या सगळ्या मुलींना सांग, जाताना आणि येताना माझ्या बेडवरून होऊन जा. मावश्यांनासुद्धा."

दोन वाजता चार नंबरच्या बेडभोवती पंचवीसतीस जणी दाटीवाटीने उभ्या होत्या. सिस्टर ज्या आवाजात रोज पेशंटचा रिपोर्ट द्यायच्या, त्याच आवाजात बोलल्या. फक्त मध्ये मध्ये श्वास घ्यावा लागत होता.

"बेड नंबर चार. लोंढे, स्त्री, चोपन्न. तीन ब्लॉक, बायपास हवी. विमा नाही. एप्रिलपासून नाही. पैसे कापले, भरले नाहीत." एक श्वास. "तुमचाही नाही. कुणाचाच नाही. ज्यांची ड्युटी सुरू झाली, त्यांनी आपापल्या पेशंटकडे जायचं. एकानेही पेशंट सोडायचा नाही. ज्यांची संपली, त्यांनी साहेबांना जाऊन विचारायचं. ओरडायचं नाही. खाली आजारी माणसं बसलेली असतात."

कुणाला आधी काही कळलंच नाही. मग एकीने पर्स उघडून स्लिप काढली. मग दुसरीने. मागे उभी असलेली भागिरथी मावशी मला विचारत होती, "म्हंजे माझं बिल कुणी भरलं गं, पद्मा?" मी तिला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला.

ओपीडीच्या बाहेरच्या बोळात पंधराजणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हातात स्लिपा. मी त्यांच्यात होते. बाकांवरचे पेशंट आमच्याकडे आणि आम्ही दाराकडे बघत होतो. एक पेशंट बाहेर आला आणि त्याच्यामागे दारात साहेब दिसले. त्यांनी आधी सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पद्मा, तुझ्या आईच्या वेळेला मी..."

"हो सर," मी म्हणाले. "तुम्ही केलं होतं."

त्यांनी आमच्या हातातल्या स्लिपांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत पॉलिसी चालू करतो. लोंढे सिस्टरांचं सगळं मोफत होईल. गुरुवारीच."

हा निरोप घेऊन मीच वर गेले. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मला मोफत नको होतं," त्या म्हणाल्या. "सुवार्ता, अँब्युलन्स सांग."

सगळ्यांनी समजावलं. मीही. दोन दिवसांचा प्रश्न आहे, राग नंतर काढा. पण त्या हॉस्पिटलात त्यांना गुंगीचं औषध घेऊन झोपायची भीती वाटत होती, असं त्या मला पुढे म्हणाल्या. त्याच संध्याकाळी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्यांना नेलं. मुलींनी वर्गणी काढली, सुवार्ताने दागिने मोडले. तिथे आठ दिवसांनंतरचा नंबर मिळाला, आणि सहाव्याच दिवशी अॅटॅक आला. ऑपरेशन झालं, जीव वाचला. हृदयाचा एक भाग कायमचा गेला. त्यानंतर लोंढे सिस्टर आयसीयूत कधी उभ्या राहिल्या नाहीत.

त्यांना तिथेच ठेवून घेतलं असतं तर? मी तोंड उघडलं नसतं तर? मला माहीत नाही. तेरा वर्षं झाली, अजून माहीत नाही.

पॉलिसी सोमवारी चालू झाली. आम्ही कामगार कार्यालयात तक्रार केली, दोन वर्षांनी कापलेले पैसे परत मिळाले. मला फेब्रुवारीतच काढलं. पत्र हंचाटे सरांनी दिलं आणि देताना म्हणाले, "माझी मुलगी बारावीला होती गं." मी पत्र घेतलं. त्यांच्या जागी मीही तासभर उभी राहून आले होते.

गेल्या वर्षी, सिस्टर जायच्या महिनाभर आधी, मी बार्शीला त्यांना भेटायला गेले. पाय सुजलेले, उशीला टेकून बसलेल्या. सुवार्ता शाळेत गेली होती. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मी धीर करून म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी मी खोटं बोलले, त्याची माफी मागायची राहिलीय."

"हां, ते," त्या म्हणाल्या. "तुला ठाऊक आहे, तू खाली गेलीस तेव्हा मी काय करत होते?"

"तुमचे ओठ हलत होते."

"देवाची माफी मागत होते. शुगर लपवली म्हणून. मग शामुवेलची मागितली, त्याच्यामागे पोरीला कर्जात घातलं म्हणून. पुन्हा देवाची. तासभर तेच चाललं होतं."

मला त्यांच्याकडे बघवेना. "मग?"

"मग काय. देव गप्प. मला वाटलं, भारी रागावलाय." त्यांना दम लागला, पण त्या हसत होत्या. "तू तो फॉर्म आणलास तेव्हा कळलं. रागावला नव्हता गं बिचारा. ही बाई कशाची माफी मागतेय, तेच त्याला कळत नव्हतं."